गुरुजींचा निवृत्तीचा हिशोब त्यांच्यापाशीच राहू द्या: अमेरिकेतील मंदिरांच्या विश्वस्तांना खुले पत्र

अमेरिकेतल्या हिंदू मंदिरांच्या विश्वस्त मंडळींस,

स.न.वि.वि.

हे पत्र कुठल्या एका मंदिरासाठी नाही. बरीच वर्षे मी इथल्या पुरोहितांची टॅक्स रिटर्न्स भरतो. त्यांत तेलुगू आणि तमिळ अर्चक आहेत, गुजराती महाराज आहेत, आपले मराठी गुरुजीही आहेत. त्यांच्या कागदांतून मला जे दिसते ते मी तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण ते स्वतः तुम्हाला सांगणार नाहीत. ते का सांगत नाहीत, हाच या पत्राचा विषय आहे.

मी पाहिलेल्या बहुतेक मंदिरांत गुरुजींच्या म्हातारपणाची काहीच तरतूद नाही. आपणच काहीतरी करावे असे एखाद्याने ठरवले, तर त्याला आधी माहिती हवी. पण माहिती मिळवण्याची प्रत्येक वाट कुणाच्या ना कुणाच्या नजरेखालून जाते. म्हणून तो विचारत नाही. विचारत नाही म्हणून वर्षे निघून जातात, आणि या विषयात गेलेले वर्ष भरून काढता येत नाही.

आधी पैशांबद्दल बोलतो. अमेरिकी करकायद्यात धर्मगुरूची जागा वेगळी आहे. इन्कम टॅक्सपुरता तो साधारणतः संस्थेचा नोकर असतो, पण सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या करासाठी त्याला स्वतःचा व्यवसाय करणारा समजतात. कायद्याची भाषा ख्रिस्ती वळणाची असली तरी नियम तेवढ्यापुरता नाही. १९६६ साली साल्कोव खटल्यात टॅक्स कोर्टाने सिनॅगॉगमधल्या कँटरला, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्या ज्यू धर्मसेवकाला, हाच दर्जा दिला. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, पुस्तिकांतही ‘चर्च’ म्हणताना मंदिरे आणि मशिदी धरलेल्या असतात. इतर नोकरांच्या बाबतीत सोशल सिक्युरिटीचा निम्मा कर पगारातून कापला जातो आणि निम्मा मालक भरतो. गुरुजींच्या बाबतीत तो सगळा त्यांच्याच अंगावर येतो: मिळकतीच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के. मंदिराने तो कापायचा नसतो. गुरुजींनी एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत स्वतः भरायचा असतो.

समजा, पगार वर्षाला ३६,००० डॉलर आणि घरभत्ता १८,००० डॉलर आहे. नियमात बसला तर घरभत्त्यावर इन्कम टॅक्स नाही, ही मोठी सवलत आहे. पण सोशल सिक्युरिटीचा कर ठरवताना दोन्ही रकमा धरतात आणि तो जवळजवळ ७,६३० डॉलर होतो. भत्त्याऐवजी मंदिराच्या आवारात घर दिले असेल, तर त्या घराचे वाजवी भाडे मिळकतीत धरून हा कर भरावा लागतो. भारतातून नव्याने आलेल्या गुरुजींना हे कुणी सांगितले नाही, तर पुढच्या एप्रिलमध्ये त्यांच्या हातात दंडासकट बिल पडते. काही मंदिरे इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे गुरुजींच्याही पगारातून सोशल सिक्युरिटी कापतात. हेतू चांगला असतो, पण ते नियमाला धरून नाही आणि पुढे निस्तरायला त्रास होतो.

याहून गंभीर गोष्ट पेन्शनची आहे. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट्स लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. म्हणजे निदान दहा वर्षांची नोंदलेली मिळकत हवी. पेन्शनची रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून काढतात. पंचेचाळिसाव्या वर्षी इथे आलेले गुरुजी सदुसष्टाव्या वर्षी थांबले तर त्यांची वर्षे भरतात बावीस, उरलेल्या तेरा वर्षांच्या जागी शून्य धरले जाते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने भारतातली सेवा इथे मोजली जात नाही. त्यात घरोघरच्या सत्यनारायणाची, वास्तुशांतीची दक्षिणा रोख मिळाली आणि रिटर्नवर आलीच नाही, तर आज कर वाचल्यासारखा वाटतो, पण पेन्शन तेवढी घटते. १९७७ साली न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगचे गणेश मंदिर उभे राहिले, त्या सुमाराला आणि नंतर तरुणपणी आलेली पुरोहितांची पिढी आता निवृत्तीच्या वयात आहे किंवा ते ओलांडून गेली आहे. ज्यांनी आयुष्य मंदिराच्या घरात काढले, त्यांच्या नावावर घरही नाही.

म्हणून मंदिराची निवृत्ती योजना हवी. ४०३(बी) ही पगारातून निवृत्तीसाठी बचत करण्याची योजना ना-नफा संस्थांना काढता येते. २०२५ साली त्यात पगारातून २३,५०० डॉलरपर्यंत आणि वयाची पन्नाशी ओलांडली असेल तर साधारणतः आणखी ७,५०० डॉलर ठेवता येत होते. गुरुजींनी करपूर्व पगारातून ठेवलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स पुढे ढकलला जातो, आणि धर्मगुरूंच्या बाबतीत तिच्यावर तो १५.३ टक्क्यांचा करही लागत नाही. मंदिराने वरून घातलेल्या रकमेचेही तसेच. सर्वांत मोठा लाभ निवृत्तीनंतरचा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो: धर्मसंस्थेच्या ४०३(बी)(९) खात्यातून निवृत्तीनंतर मिळणारी रक्कम घरभत्ता म्हणून ठरवून देता येते. घराच्या प्रत्यक्ष खर्चाच्या आणि वाजवी भाड्याच्या मर्यादेत तिच्यावर इन्कम टॅक्स नाही, सोशल सिक्युरिटीचा करही नाही. पण कुणाच्या सल्ल्याने तेच पैसे साध्या आयआरए खात्यात, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती खात्यात, हलवले, की ही सवलत गेली.

तेव्हा कोणता निर्णय केव्हा घ्यायचा, याला इथे फार महत्त्व आहे. फॉर्म ४३६१ चे उदाहरण घ्या. सार्वजनिक विम्याला धार्मिक कारणाने मनापासून विरोध असेल तर धर्मगुरूला या फॉर्मने सोशल सिक्युरिटीतून बाहेर पडता येते. मुदत साधारण पहिल्या दोन कमावत्या वर्षांच्या रिटर्नपर्यंत असते, आणि एकदा घेतलेली सूट मागे घेता येत नाही. पैसे वाचवणे हे कारण कायद्याला मान्य नाही. तरी ‘हा फॉर्म भरा, कर वाचेल’ असे सांगणारे हितचिंतक मंदिरांच्या आसपास भेटतात. नव्या गुरुजींना अशा वेळी कुणाशी तरी मोकळेपणाने बोलायचे असते.

पण कुणाशी बोलणार? खजिनदारांना विचारावे, तर निवृत्तीचे विचारले म्हणजे जायचे मनात आहे असा अर्थ निघू शकतो. ज्यांचा आर-१, म्हणजे धर्मसेवकांसाठीचा तात्पुरता, व्हिसा आहे त्यांचे या देशातले राहणे मंदिराने केलेल्या अर्जावर उभे असते. काम सुटले तर मंदिराने १४ दिवसांत सरकारला कळवायचे असते, आणि आर-१ वर एका वेळी पाच वर्षांपलीकडे राहता येत नाही. असा माणूस ‘दुसऱ्या मंदिरात गेलो तर माझ्या खात्याचे काय’ हा प्रश्न मालकासमोर मोठ्याने विचारेल का? मंडळातले एखादे सद्गृहस्थ विमा विकत असतील किंवा त्यांचे स्नेही विकत असतील, तर पंचाईत आणखी वाढते. प्रश्नाला उत्तर म्हणून पॉलिसी पुढे येते, आणि ती नाकारणे गुरुजींना जड जाते.

मग तो इंटरनेटवर शोधतो. अनेकदा मंदिराच्या कार्यालयातल्या सामाईक संगणकावर, मंदिराच्या वाय-फायवरून, ज्याचा पासवर्ड तीन जणांना ठाऊक आहे अशा ई-मेल खात्यातून. संगणकावर शोधाचा इतिहास राहतो. वाय-फायच्या राउटरवर कुठली संकेतस्थळे उघडली याची नोंद राहू शकते. तुम्ही ती पाहत नाही, हे मला मान्य आहे. पण गुरुजींना ते कळायला काही मार्ग नाही.

दुसऱ्या बाजूला ज्या पानांवर तो जातो ती पाने. निवृत्तीचा हिशोब करून देणारी कितीतरी पाने जन्मतारीख, पगार आणि बचत विचारतात आणि उत्तर दाखवण्याआधी ई-मेल मागतात. अनेक पानांत जाहिरात कंपन्यांचा अदृश्य कोड बसवलेला असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. पान उघडताच कुठले पान, किती वाजता, कुठल्या आयपी पत्त्यावरून, हे सगळे त्या कंपनीकडे जाते. त्याच ब्राउझरमध्ये सोशल मीडियाचे खाते उघडे असेल तर हे वाचन त्या माणसाच्या नावाशीही जोडले जाऊ शकते. ही काल्पनिक भीती नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पत्रकारांनी उघड केले की ऑनलाइन रिटर्न भरून देणाऱ्या काही नामांकित सेवांकडून लोकांची आर्थिक माहिती अशाच पिक्सेलमधून फेसबुककडे जात होती. पुढच्या वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, अशा पाच कंपन्यांना लेखी ताकीद दिली.

सामान्य वाचकापेक्षा गुरुजी इथे जास्त उघडे पडतात. मोठ्या शहरात कुणी म्युच्युअल फंडाचे पान वाचले, तर वाचणारा लाखांतला एक असतो. पण पुजाऱ्याचा घरभत्ता, आर-१ व्हिसावर मंदिर बदलणे आणि फॉर्म ४३६१, ही तीन पाने एकाच उपनगरातून एकाच आठवड्यात वाचली गेली, तर असा वाचक त्या भागात कितीसे जण असतील? दोन, फार तर तीन. नाव, ई-मेल काहीही न देता माणूस ओळखू येतो. करनियम इतके खास आहेत की धर्मगुरूला खास पानांवर जावेच लागते, आणि तिथे गेला की त्याची ओळख पटते.

धर्मगुरूंच्या बाबतीत असे घडलेलेही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या कॅथलिक बिशप परिषदेतल्या एका वरिष्ठ धर्मगुरूला पद सोडावे लागले. एका कॅथलिक वृत्तप्रकाशनाने बाजारात विकत मिळणारी मोबाइल ॲपची माहिती वापरून त्याच्या खासगी हालचाली शोधून काढल्या होत्या. त्या माहितीत नाव नव्हते, फक्त एका फोनला दिलेली सांकेतिक खूण होती. तो फोन कुठे राहतो आणि कुठे कामाला जातो यावरून बाकीचे जुळवले गेले. तिथला विषय वेगळा होता, पैशांचा नव्हता. पण धर्मसेवकाचा ठावठिकाणा आणि दिनक्रम समाजाला ठाऊक असतो, म्हणून बिननावाच्या नोंदीवर त्याचे नाव चिकटवणे सोपे जाते. मंदिराच्या गुरुजींच्या बाबतीत तर आरतीची वेळ फलकावर लिहिलेली असते आणि मोबाइल नंबर संकेतस्थळावर.

कायदा मदतीला येईल असे वाटत असेल, तर ते मला दिसत नाही. करकायद्याच्या कलम ७२१६ नुसार रिटर्न भरणाऱ्याने गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला दिली तर तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. ते कलम माझ्यासारख्यावर आहे, नुसती माहिती किंवा आकडेमोड देणाऱ्या पानाला ते सहसा लागत नाही. खासगीपणाचा सर्वंकष संघीय कायदा या देशात नाही. कॅलिफोर्नियाचा २०२० पासून लागू असलेला कायदा नफा कमावणाऱ्या व्यवसायांसाठी आहे, ना-नफा मंदिराला तो साधारणपणे लागत नाही. निवृत्ती योजनांच्या बाजूलाही तेच: मालकांच्या निवृत्ती योजनांना नियम घालून देणाऱ्या १९७४ च्या एरिसा कायद्यातून धर्मसंस्थांच्या योजना, त्यांनी स्वतःहून तो स्वीकारला नाही तर, बाहेर ठेवल्या आहेत. सरकारने धर्मसंस्थांच्या कारभारात हात घालू नये यासाठी ही मोकळीक आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण त्यामुळे गुरुजींच्या पैशांची आणि त्यांच्या खासगीपणाची काळजी घेणे, हे दोन्ही तुमच्या हातात येऊन पडले आहे. तुमच्या मंडळाने ठरवले तरच ते होईल.

ओघात भक्तांचेही सांगून टाकतो, कारण संकेतस्थळ एकच असते. संकल्पासाठी आपण ऑनलाइन फॉर्मवर गोत्र, नक्षत्र, मुलाबाळांची नावे, वाढदिवस घेतो. अपत्यप्राप्तीसाठी कुणी पूजा नोंदवतो, कुणी वडिलांचे श्राद्ध, कुणी आजारपणासाठी महामृत्युंजय जप. त्या पानावर जाहिरातीचा पिक्सेल असेल तर त्या घरातले सुखदुःख तिऱ्हाइतापर्यंत पोचते. देणग्यांच्या मोहिमेसाठी म्हणून कुणा हौशी स्वयंसेवकाने तो कोड कधीतरी टाकलेला असतो, आणि पुढच्या मंडळाला तो तिथे आहे हेही माहीत नसते. तो काढून टाकायला जाणकार स्वयंसेवकाला फारसा वेळ लागत नाही.

‘गुरुजी आमच्या घरच्यासारखे आहेत, त्यांना आमच्यापासून लपवण्यासारखे काय असणार?’ असे मला अनेक विश्वस्तांनी प्रेमाने विचारले आहे. त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. सणाला गुरुजींच्या घरी फराळाचा डबा पाठवणारी, त्यांच्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी धावणारी माणसे मी पाहिली आहेत. पण पगार ठरवणारी माणसे आणि पगार घेणारा माणूस यांच्यात सगळेच उघड असेल, तर उघडे फक्त पगार घेणाऱ्याचे होते. तुमच्यापैकी इंजिनीअर आणि डॉक्टर असणाऱ्यांनी आठवून पाहावे: तुमच्या ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, किती शिल्लक आहे, नोकरी सोडायची झाली तर काय कराल, हे तुम्ही आपल्या मॅनेजरसमोर बसून ठरवले होते का? गुरुजी तेवढाच एकांत मागत आहेत. खरे म्हणजे मागतही नाहीत, म्हणून मी मागतो आहे.

आता मंडळाने काय करावे याबद्दल. घरभत्ता आधी ठरवलेला असावा लागतो, मागाहून केलेला ठराव मागच्या महिन्यांना लागू होत नाही. म्हणून पुढच्या वर्षाच्या भत्त्याचा लेखी ठराव डिसेंबरच्या सभेत झाला पाहिजे. हे काम मंदिराला जवळजवळ फुकट पडते आणि तरीही राहून जाते. ४०३(बी) योजना सुरू करा, शक्यतो धर्मसंस्थांसाठीच्या (९) प्रकारची, आणि मंदिराकडून पगाराच्या काही टक्के रक्कम दरवर्षी त्यात घाला. छोट्या मंदिराला दोन टक्केच जमत असतील तर दोन टक्के.

सल्लागाराबाबत मी आग्रही आहे. त्याची फी मंदिराने द्यावी, पण तो विश्वस्त नसावा, विश्वस्ताचा नातेवाईक नसावा, आणि विमा किंवा ॲन्युइटी (पेन्शनसारखे हप्ते देणारी योजना) विकून कमिशन घेणारा नसावा. त्याने बिलावर तास आणि रक्कम लिहावी, विषय लिहू नये. काय बोलणे झाले ते त्याने मंडळाला सांगायचे नाही, हे करारातच असावे. ज्या संस्थेची निवृत्ती योजना आहे तिने कर्मचाऱ्यांना दिलेला निवृत्ती नियोजनाचा सल्ला हा नियमात बसल्यास करमुक्त लाभ धरतात, तेव्हा गुरुजींवर त्याचा करही पडत नाही.

संकेतस्थळावर गुरुजींसाठी माहिती ठेवणार असाल तर ती लॉगिनशिवाय, ई-मेल न मागता वाचता आणि उतरवून घेता यावी. तिथे पिक्सेल नको, आणि सर्व्हरच्या नोंदी थोड्या दिवसांत आपोआप पुसल्या जाव्यात. किती लोक आले एवढेच मोजायचे असेल तर ते कुणालाही न ओळखता मोजता येते. वाय-फायच्या नोंदी मंडळ पाहणार नाही, हे एका ओळीच्या ठरावाने कागदावर येऊ द्या आणि ती ओळ गुरुजींच्या हाती द्या, त्यांना वाचता येईल अशा भाषेत. डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि योजनेची कागदपत्रे सामाईक ई-मेलवर पाठवू नका. बंद पाकिटात द्या किंवा त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवा.

मंडळे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, तुम्ही सगळे नोकरी-संसार सांभाळून विनामूल्य हे काम करता, याची मला जाणीव आहे. म्हणूनच तोंडी आश्वासनावर थांबू नका. आजच्या खजिनदारांनी दिलेला शब्द पुढच्या खजिनदारांना माहीत नसतो, पण इतिवृत्तातला ठराव त्यांच्यापर्यंत पोचतो.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय घ्यावेत अशी विनंती आहे: घरभत्त्याचा ठराव, निवृत्ती योजना, आणि खासगीपणाची ती एक ओळ. त्या चर्चेच्या वेळी गुरुजींना सभेत बोलावून ‘तुम्हाला काय हवे’ असे सर्वांसमोर विचारू नका. ठराव करा, मग सल्लागाराचा फोन नंबर त्यांना द्या आणि पुढे चौकशी करू नका.

कळावे,
आपला,
पुरोहितांची रिटर्न्स भरणारा एक हिशोबनीस